सुख कोणत्या गजाने मोजायचे?

दरवर्षी मार्च महिन्यात वर्तमानपत्रांत जागतिक आनंद अहवालाची यादी छापून येते आणि बाजारात दोन दिवस चर्चा रंगते. 2025 च्या यादीत 147 देशांमध्ये फिनलंड पहिला होता, तोही सलग आठव्या वर्षी. भारत 118 वा. आमच्या गल्लीत यावर एकच उत्तर मिळते, "त्यांच्याकडे पैसा आहे, ते सुखी असणारच!" परंतु हा हिशेब मांडतात कसा, हे कोणी विचारत नाही.

क्रमांक एकाच प्रश्नावरून ठरतो. एक शिडी डोळ्यांसमोर आणा. सर्वांत वरची पायरी दहा, म्हणजे तुम्हाला मिळू शकेल असे उत्तमात उत्तम जीवन. सर्वांत खालची शून्य, म्हणजे वाईटात वाईट. आज तुम्ही कोणत्या पायरीवर आहात? अमेरिकन संशोधक हॅडली कॅन्ट्रिल यांची ही शिडी 1965 पासून प्रसिद्ध आहे. उत्पन्न, आयुर्मान वगैरे आकडे नंतर कारणे शोधण्यासाठी जोडतात, क्रमांकात ते धरत नाहीत.

आता व्यापारी बांधवांना हे सांगायला नको की सुती कापड मीटरने विकले जाते आणि होजिअरीचा माल किलोने. गज बदलला की हिशेब बदलतो. शिडी म्हटली की माणसाला घर, कमाई, मुलांची फी आठवते. "काल तुम्ही भरपूर हसलात का?" असे विचारले तर गोष्ट वेगळी. अशा प्रश्नांवर पॅराग्वेसारखे बेताच्या कमाईचे देश अनेकदा आघाडीवर राहिले आहेत.

एड डीनर आणि रॉबर्ट बिस्वास-डीनर या पितापुत्रांनी 2001 मध्ये कोलकात्यातील अभ्यास प्रसिद्ध केला. झोपडपट्टीतले रहिवासी, फुटपाथवर झोपणारे, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया अशा 83 जणांशी बोलणे झाले. एकूण जीवनाबद्दल विचारले तेव्हा उत्तर किंचित नाराजीचेच आले. मात्र कुटुंब, मित्र आणि स्वतःची नीतिमत्ता याबाबत बहुतेक समाधानी होते. यातला दुसरा भाग तेवढा उचलून "गरीब सुखी असतात, कनाअत करतात" म्हणणारे आणि मजुरी जिथल्या तिथे ठेवणारे कारखानदार मी पुष्कळ पाहिले आहेत.

मी स्वतः आमच्या दुकानातल्या हमालाला शिडीचा प्रश्न विचारला. "शेठ, घरी नऊ, इथे तीन," तो म्हणाला. का, म्हणून विचारले तर म्हणाला, रोजी तीन वर्षे तीच आहे.