डोंगर, सायकल आणि चहा

भाड्याची सायकल घेऊन गुडघे फोडून घेतल्याचे तुमच्यापैकी किती जणींना आठवते? पुढे लग्न झाले, संसार आला, आणि सायकल मुलांची झाली. म्हणूनच ही हकीगत सांगावीशी वाटते.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या पुलापलीकडे मरीन नावाचा डोंगराळ भाग आहे. 1976 च्या ऑक्टोबरात तिथल्या काही तरुणांनी एका कच्च्या उतारावर शर्यत लावली. सायकली कसल्या, भंगारच! जाड टायरच्या, वीसेक किलो वजनाच्या, चाळीस वर्षांपूर्वीच्या. तीन-साडेतीन किलोमीटरांत तेराशे फूट खाली यायचे. पॅडल उलटे दाबून लावायचा ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस फोडणीच्या तेलासारखे धूर सोडी. खाली आल्यावर चाकाचा हब उघडून नवे ग्रीस भरायचे, म्हणून त्या रस्त्याचे नावच पडले 'रीपॅक'.

गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही नावे पुढे गाजली. पण त्या घोळक्यात एक बाईही होती, वेंडी क्रॅग. ती शर्यतीत उतरे आणि कॅमेराही बाळगी. त्या दिवसांची आज दिसणारी कितीतरी छायाचित्रे तिचीच. घरच्या समारंभाचे फोटो आईने काढावेत आणि आल्बममध्ये तीच नसावी, तशातलीच ही गत नव्हे का?

1981 पासून कारखान्यात बनलेल्या माउंटन बाइक दुकानांत आल्या. पोरांचा खेळ होता, त्याचा धंदा झाला, अजिंक्यपदे आली. 1983 ते 85 अशी सलग तीन वर्षे जॅकी फेलन ही अमेरिकेतली अव्वल महिला ठरली. ठिपक्याठिपक्यांचे कपडे घालून शर्यतीत उतरणारी बाई ती! पण मला तिचे कौतुक वाटते ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. तिने बायकांचे एक मंडळ काढले, 'माउंटन बाइक आणि चहा'वाल्यांचे! पहिला नंबर कुणाला हवाय? चिखलात पडा, हसा, उठा, मग चहा घ्या. बाई गं, असे मंडळ आपल्याकडे कुणी काढले तर मी पहिली वर्गणी भरीन.

1996 साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला, तो पुरुष आणि स्त्रिया दोघांसाठी एकदमच. बायकांच्या मॅरेथॉनला मात्र पुरुषांनंतर 88 वर्षे ताटकळावे लागले होते! महिलांचे पहिले सुवर्ण इटलीच्या पाओला पेझ्झोने नेले.

आता बॅटरीच्या सायकली आल्या आहेत. त्यामुळे गुडघे कुरकुरणाऱ्या बायकाही चढावर दिसतात, आणि काही जुने जाणते नाक मुरडतात: घाम न गाळता चढ चढायचा म्हणजे लबाडीच! त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की रीपॅकच्या माथ्यावर ती पहिली मुलेसुद्धा पुष्कळदा सायकली ट्रकमध्ये टाकूनच जात होती.