स्टार की डेल्टा?

मैत्रिणींनो, फ्यूजची तार बदलणं, मिक्सरचे कार्बन घासलेत का ते बघणं, इथपर्यंत आपल्यापैकी बऱ्याच जणींची मजल गेलेली असते. पण थ्री फेजची मोटार म्हटलं, की आपण दोन पावलं मागे सरतो. ‘ते आपलं काम नव्हे, वायरमनला बोलवा.’ आमच्या बचत गटाच्या मिरची कांडपाने मला मात्र ती दोन पावलं पुढे टाकायला लावली.

आम्ही आठ जणींनी कर्ज काढून जुना डंक घेतला. डंकाची कमाई कधी असते हे तुम्हाला सांगायला नको. होळीनंतर मिरची वाळायला पडते आणि मृगाच्या आत घरोघरी वर्षाचा मसाला डब्यात भरलेला हवा. म्हणजे कमाईचे महिने जेमतेम तीन, हप्ता मात्र बारा महिने. डंकाला दोन हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटार होती आणि आमच्या गाळ्यात सिंगल फेजचं मीटर. म्हणून मध्ये ‘ड्राइव्ह’ बसवला. पुस्तकाएवढा डबा असतो हा. एका बाजूने सिंगल फेज घेतो, दुसऱ्या बाजूने मोटारीला तीन फेज देतो.

डंक सुरू झाला. रिकामा असताना मोटार झकास फिरायची. उखळीत मिरची पडली आणि मुसळं उचलायची वेळ आली, की दबायची, घुंईऽऽ करायची, आणि ड्राइव्ह लाल दिवा दाखवून बंद पडायचा. ज्याने जोडणी केली होती तो मिस्त्री म्हणाला, ‘‘मोटार गेली ताई, रिवाइंडिंग करा.’’ रिवाइंडिंग म्हणजे खर्च आणि वर ऐन हंगामातले आठ-दहा दिवस खाडा. बायका पिशव्या घेऊन दारात उभ्या!

आमच्या गल्लीत वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका राहतात. ते आले. मोटारीला हात न लावता त्यांनी आधी तिच्या पोटावरची पत्र्याची पट्टी फडक्याने पुसली आणि मला म्हणाले, ‘‘सूनबाई, काय लिहिलंय ते मोठ्याने वाच.’’ मी वाचलं : २३०/४०० व्होल्ट. त्याच्या पुढे एक त्रिकोण आणि इंग्रजी वाय. खाली ५.९/३.४ अँपिअर.

‘‘झालं तर मग. मोटार गेलेली नाही, पट्ट्या चुकल्यात.’’

पुढचा तासभर त्यांनी मला जे शिकवलं ते असं. अशा मोटारीत तारेची तीन गुंडाळणी, म्हणजे तीन कॉइल असतात. प्रत्येकीची दोन टोकं, म्हणून झाकण उघडलं की सहा बोल्ट दिसतात. ही मोटार दोन व्होल्टेजवर चालते, पण कॉइल तीच. तिला २३० व्होल्टच सोसतात, जास्त नाही. आपण फक्त टोकं कशी जोडायची ते बदलायचं. तिन्ही कॉइलचं एकेक टोक एकत्र बांधलं, वेणीचे तीन पेड एका गाठीत बांधावेत तसं, की झाला स्टार. एकीचं शेवटचं टोक दुसरीच्या पहिल्या टोकाला, असा तिघींनी हात धरून फेर धरला, की झाला डेल्टा.

डेल्टात दोन फेजच्या मध्ये एकच कॉइल येते, म्हणून तिथे २३० द्यायचे. स्टारमध्ये दोन कॉइल येतात. मग ४६० का नाहीत? मीही हेच विचारलं. कारण तिन्ही फेजचा जोर एकाच क्षणी चढत नाही, मागेपुढे चढतो. त्यामुळे दुप्पट न होता १.७३ पट होतात. २३० ला १.७३ ने गुणा, ४०० च्या जवळ येतात. पट्टीवरचे दोन आकडे तिथून आलेले. अँपिअरचंही तसंच, फक्त उलट.

आता आमचं दुखणं ध्यानात येईल. ड्राइव्हमध्ये २३० गेले की बाहेर तिन्ही फेजमध्येही २३०च मिळतात, त्याचे ४०० होत नाहीत. आणि मिस्त्रीने नेहमीच्या सवयीने स्टार बांधला होता. प्रत्येक कॉइलला मिळत होते फक्त १३३ व्होल्ट. जोर एक तृतीयांश! अर्धपोटी माणसाने मुसळ किती वेळ उचलावं?

काकांनी मेन स्विच पाडला, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवला (हे मला फार आवडलं) आणि चहा मागितला. ड्राइव्हच्या पोटात बंद केल्यावरही काही मिनिटं वीज साठून राहते. डब्यावर जेवढी वेळ लिहिलेली असेल तेवढी थांबायचंच. चहानंतर टेस्टर आणि मीटर लावून खात्री केली आणि पाना माझ्या हातात दिला.

वरच्या ओळीत डब्ल्यू२, यू२, व्ही२. खालच्या ओळीत यू१, व्ही१, डब्ल्यू१. वरची ओळ अशी सरकवलेली का, तर पितळी पट्ट्या सरळ उभ्या लावल्या की आपोआप डेल्टा होतो, तारा एकमेकींवरून न्याव्या लागत नाहीत. कुणी डोकं लढवलंय बघा! वरच्या तीन बोल्टांवरची आडवी जोडणी सोडवली, पट्ट्या उभ्या लावल्या, नट घट्ट आवळले. सैल नट तापतो आणि तिथेच जळतो, म्हणून काकांनी प्रत्येक नट पुन्हा तपासला. अर्थिंगची तार ओढून पाहिली. ड्राइव्हमध्ये मोटारीचे अँपिअर ३.४ भरलेले होते, ते ५.९ केले.

सुरू केली तर मोटार उलटी फिरली. पुन्हा सगळं बंद, थांबणं आणि ड्राइव्हकडून मोटारीला जाणाऱ्या तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल. बस्स. दुपारी साडेतीनला पहिली पाच किलो ब्याडगी उखळीत पडली आणि मुसळं दणादणा चालू लागली.

मीटरकडची कामं आजही परवानाधारक वायरमनच करतो, ती आपण करायची नसतात. पण जुनी मोटार विकत घेताना पट्टी मी वाचते. ‘४०० डेल्टा’ एवढंच लिहिलेली मोटार अशा ड्राइव्हवर पूर्ण जोर देणार नाही, ती घ्यायची नाही. मागच्या महिन्यात शेजारच्या गावातल्या गटासाठी अशी एक परत पाठवली.

आम्ही आता थ्री फेज मीटरसाठी अर्ज केला आहे. ते आलं की ड्राइव्ह निघेल आणि मोटारीला थेट ४०० मिळतील. तेव्हा पट्ट्या उभ्याच राहिल्या, तर २३० सोसणाऱ्या कॉइलला ४०० बसतील आणि बघता बघता ती जळेल. म्हणून झाकणाच्या आतून मी कागद चिकटवला आहे : ‘सध्या डेल्टा. मीटर बदलल्यास आधी स्टार करणे.’ खाली आठही जणींच्या सह्या आहेत.