जुनी वॉटर स्कूटर घेताना : सेल्फ लागत नसेल तर काय पाहावे?

आम्ही कापडाचे व्यापारी. ठाणातला दोष हाताने चाचपून ओळखण्याची आम्हाला सवय, यंत्रातले फारसे कळत नाही. तरीही आज हा विषय घेण्याचे कारण घरातलेच आहे. काशीदच्या किनाऱ्यावर धंदा करणाऱ्या आमच्या भाच्याने जुनी वॉटर स्कूटर घेतली. पावसाळ्यात हा धंदा बंद असतो. सीझन उघडला, बटण दाबले, तर नुसते 'टक्'. मिस्त्री म्हणाला, स्टार्टर मोटर जळाली, नवी टाका. भाच्याचा फोन आला, "मामू, आता मोटरीला पैसे कुठून आणू?"

मोहने येथे आमच्या शेजारी एक वायरमन राहतात. एन.आर.सी. कारखाना २००९ साली बंद पडला, तोपर्यंत ते तेथे कामाला होते. त्यांना घेऊन आम्ही काशीदला गेलो. त्यांनी मोटरीला हातही लावला नाही. बॅटरीपासून निघून करंटचा रस्ता तपासत गेले. दोष निघाला अर्थच्या वायरीत. नट उघडला तर खाली खाऱ्या पाण्याने धरलेला हिरवा थर. तो घासून नट आवळला आणि इंजिन सुरू झाले. मोटर चांगलीच होती.

असा धंदा करणाऱ्या बांधवांसाठी तपासणीचा तो क्रम येथे देत आहोत. त्यासाठी एक साधा मल्टिमीटर पुरतो.

पहिली गोष्ट, सीट उघडून पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ द्या. बंद पोटात वाफ साचलेली असताना स्टार्टरची ठिणगी जीवावर बेतू शकते. याच कारणाने पान्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने रिले शॉर्ट करून पाहू नये.

१) बॅटरी : बंद गाडीवर पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. मग बटण दाबून आकडा पाहा. तो साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी कमजोर समजावी. पावसाळाभर पडून राहिलेल्या गाडीत हा दोष फार आढळतो.

२) आवाज : काहीच आवाज नसेल तर फ्यूज, बटण आणि किल-स्विचची दोरी पाहा. बहुतेक गाड्यांत दोरीची क्लिप नीट बसल्याशिवाय सेल्फ लागत नाही. भराभर 'टकटक' होत असेल तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. एकच 'टक्' आला तर पुढे जा.

३) अर्थ : मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरून बटण दाबायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर मधली जोडणी खराब आहे. भाच्याच्या गाडीचा दोष येथेच पकडला गेला.

४) रिले आणि मोटर : बटण दाबलेले असताना रिलेपर्यंत व्होल्टेज येते पण पुढे जात नाही, तर रिले खराब. मोटरीपर्यंत पुरेसे व्होल्टेज येऊनही ती फिरत नसेल, तरच मोटरीवर संशय घ्यावा. मात्र सिलिंडरमध्ये पाणी शिरले असले तरी इंजिन अडते. तेव्हा सेल्फ मारत राहू नये. प्लग काढून पाणी बाहेर काढावे.

इंजिन लागल्यावर बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे नसतील तर चार्जिंगमध्ये दोष आहे. जमिनीवर मात्र पाण्याशिवाय इंजिन काही सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये. ते तापून खराब होते.

खरेदीच्या वेळी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. विक्रेता कधी आपण पोहोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवतो, म्हणून आधी इंजिनला हात लावून पाहा आणि थंड इंजिनच सुरू करायला सांगा. सी-डू कंपनीच्या पुष्कळ गाड्यांची चावी त्या गाडीशीच कोडने जोडलेली असते, ती मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

कापड घेताना आपण ठाण उलगडतो. येथेही नट उघडून पाहायला लाजू नये.