चार नंबरची टाच

रविवार, रात्रीचे साडेनऊ. काल्हेरच्या गोदामांमागच्या पटांगणात निळी-लाल मॅट अंथरली आहे. बांबूंवर हॅलोजन बांधलेत, पलीकडे रस्त्यावर कंटेनरची रांग लागली आहे. बायकापोरं अगदी रेषेपर्यंत येऊन बसली आहेत. भिवंडीत दिवसभर मागाची खटखट ऐकणाऱ्या माणसाला रात्री कबड्डीची शिट्टी लागतेच.

मी आलोय चार नंबरसाठी. एकोणीस वर्षांचा, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, आज गावच्या संघातून खेळतोय. त्याच्या सरांनी फोनवर सांगितलं होतं, ‘‘दादा, पोरगा चढाईचा आहे. व्यावसायिक संघाच्या चाचणीला पाठवण्यासारखा आहे का, तेवढं बघा.’’

पहिल्या दहा मिनिटांत त्याच्या चार चढाया होतात. उंची चांगली, हात लांब. तिसऱ्या चढाईत, म्हणजे गुण आणा नाहीतर बाद व्हा अशा वेळी, तो बोनस घेतो आणि परतताना एकाला शिवूनही येतो. पटांगण उठून उभं राहतं. मी मात्र वहीत लिहितो : परतताना पाठ देतो, कंबर वर. गावात हे चालून जातं. प्रो कबड्डीतला कोपरा ही पाठ सोडणार नाही.

आता त्यांची चढाई. समोरचा गडी मध्यरेषा ओलांडतो, तीस सेकंद सुरू. सगळे त्या गड्याकडे बघताहेत, मी चार नंबरच्या पायांकडे. तो राइट कव्हरला उभा आहे. उजव्या हातात कोपऱ्याचं मनगट. बोटांत बोटं अडकवलेली नाहीत, म्हणजे कोपरा झेपावला तर हात लगेच सुटेल. टाच जमिनीपासून जेमतेम बोटभर उचललेली. गडी खांदा पाडतो, टाच हलत नाही. पुन्हा पाडतो. टाच तिथंच. मग गडी बोनससाठी खराच पाय टाकतो, कोपरा घोट्यावर पडतो, गडी त्याला ओढत निघतो आणि चार नंबर मध्यरेषेच्या बाजूनं छाती घालून वाटच बंद करतो. गडी जागेवर बसतो.

निवेदक नाव घेतो ते कोपऱ्याचं. टाळ्याही त्यालाच. चार नंबर काही न बोलता कोपऱ्याला हात देऊन उठवतो. माझ्या अंगावर काटा येतो. साडेसहा मीटरच्या त्या अर्ध्या मैदानात हे काम कुणाच्या नावावर लागत नाही, आणि हे काम करणारा नसला की संघावर लोण चढतो.

पकडीला पैसा नाही, असं पोरांना वाटतं. २०१८च्या लिलावात यू मुंबानं इराणच्या फझल अत्राचलीला एक कोटी दिले. तो डावा कोपरा. आपल्या शेजारच्या कल्याणचा गिरीश इरनाकही डाव्या कोपऱ्यावरच नाव कमावून गेला. तरी गल्लीतल्या प्रत्येक पोराला चढाईच हवी.

उत्तरार्धात त्याची चूक दिसते. मैदानात तिघंच उरलेत, पकड झाली तर दोन गुण. ‘‘धर रं, धर!’’ लोक ओरडताहेत. गडी अजून निदान रेषेशीच आहे, वजन मागच्या पायावर. आणि चार नंबर धडक द्यायला सुटतो. गडी वळतो, पाठीला हात लावतो, गेला. चार नंबर मॅटवर गुडघे टेकून राहतो.

सामना तीन गुणांनी हातचा जातो. पोरं मॅटचे तुकडे सुटे करायला घेतात. तो माझ्याकडे येतो, गुडघा सोललेला, बनियन पिळून निघेल इतकी ओली.

‘‘दादा, माझ्या चढाया बघितल्यात ना?’’

‘‘बघितल्या. त्या दोन गुणांच्या पकडीला का सुटलास?’’

तो खाली बघतो. ‘‘वाटलं, निघून जाईल.’’

‘‘आणि पहिल्या डावात का थांबलास?’’

‘‘तेव्हा बाजूला कोपरा होता.’’

उत्तर ऐकून मी वही मिटतो. एवढं ज्याला स्वतःचं स्वतःला कळलंय, त्याला पुढचं शिकवता येतं. चाचणीला पाठवायचा तर राइट कव्हर म्हणून, हे मी त्याला सांगतो. त्याचा चेहरा पडतो. चढाईपटू व्हायचं स्वप्न असं एका वाक्यात काढून घेणं मलाही जड जातं, पण खोटं सांगून त्याची दोन वर्षं घालवायची नाहीत.

‘‘चप्पल काढतो मी,’’ मी म्हणतो. ‘‘उभा राहा. एकटा. कोपरा नाही.’’

अर्धी मॅट अजून शाबूत आहे. तो वाकून उभा राहतो. मी दम धरतो, खांदा पाडतो. टाच थरथरते, पण सुटत नाही. दुसऱ्यांदा पाडतो. थांबलाय. माझा गुडघा पन्नाशीचा आहे, तरी मी वजन खरोखर पुढच्या पायावर टाकतो, आणि त्याच क्षणी त्याचा खांदा माझ्या बरगडीवर येतो.

मॅट उचलणारी पोरं हातातले तुकडे खाली ठेवून बघत उभी राहतात.

‘‘परत,’’ मी उठत म्हणतो.