परदेशची रुग्णशय्या आणि घरचा हट्ट

गेल्या दिवाळींत आमच्या वडील बंधूंच्या धुळ्याच्या घरून जळगांवीं आमच्या मोबाईलवर एक फोटो आला. बंधूंची नात इंग्लंडांत नर्सिंगचें शिक्षण घेत आहे. तिनें तो घरीं पाठविला होता. गणवेशांतील हसतमुख मुलगी, शेजारीं खाटेवर उशीला टेकून बसलेले एक वृद्ध गोरे गृहस्थ, आणि मुलीच्या हातांत त्यांचा हात. मंडळींस आनंद झाला यांत नवल नाहीं. वहिनींनीं तो आपल्या भगिनींस धाडला, सूनबाईंनीं माहेरीं धाडला, आणि सायंकाळपर्यंत अमळनेर, चाळीसगांव, भुसावळ अशी यात्रा करून तो एका स्नेह्यांकडून पुनश्च आमच्याकडेच आला. खालीं 'खानदेशकन्या' असें लिहिलेलें होतें.

सकाळीं आम्हीं फक्त मुलगी पाहिली होती. आतां त्या गृहस्थांकडे दृष्टि गेली. सदऱ्याच्या गुंड्या उघड्या, नाकाशीं नळी, दाढीचे खुंट वाढलेले. आणि खाटेच्या डोक्याशीं लावलेल्या पाटीवर त्यांचें नांव स्पष्ट वाचतां येत होतें. वयानें आमच्याच बरोबरीचे असावेत. आपली ही अवस्था कोणा परमुलखांतील घरांत फराळाच्या ताटांभोवतीं पाहिली जात आहे, हें त्यांच्या स्वप्नीं तरी असेल काय?

रात्रीं नातीस फोन करून विचारलें. ती म्हणाली, "आजोबा, मीं विचारलं होतं त्यांना. हसून हो म्हणाले."

मुलगी खोटें बोलणारी नाहीं. परंतु रात्रीं जी पाणी देते, कूस बदलून देते, तिनें विचारलें असतां अंथरुणाला खिळलेला मनुष्य नाहीं कसें म्हणणार? तो होकार उपकाराच्या ओझ्याखालचा. शिवाय फोटो कोठवर जाणार हें विचारणारीसच ठाऊक नव्हतें, मग हो म्हणणाऱ्यास तें कोठून कळावें?

इंग्लंडांतील परिचारिकांच्या नियामक मंडळानें २०१५ सालीं जी आचारसंहिता प्रसिद्ध केली, तींत समाजमाध्यमें वापरतांनाही दुसऱ्याचें खासगीपण जपावें असें स्पष्ट सांगितलें आहे. शिकाऊ म्हणून कोणास सूट नाहीं. गंभीर प्रमाद घडल्यास शिक्षणच थांबूं शकतें. अमेरिकेंत १९९६ च्या कायद्याखालीं जे नियम झाले, त्यांत रुग्णाचा संपूर्ण चेहरा दाखविणारा फोटो हा त्याच्या नांवाइतकाच ओळख पटविणारा मानला आहे. आपल्याकडेही ओळख पटेल असा रुग्णाचा फोटो त्याच्या अनुमतीवांचून छापूं नये, असा नियम वैद्यक परिषदेनें २००२ सालीं डॉक्टरांस घालून दिला.

हा पाश्चात्त्यांचा नसता काटेकोरपणा, असें आमचे एक स्नेही म्हणाले. त्यांस आम्हीं चरकसंहिता काढून दाखविली. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायांत गुरु नवशिष्यास उपदेश करतो, त्यांत रुग्णाच्या घरांतील वृत्त बाहेर नेऊं नये अशी आज्ञा आहे. सूत्रस्थानांत परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत: उपचारांचें ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयीं अनुराग आणि शुचिता. आमच्या नातीच्या ठायीं चारही आहेत असें आम्ही अभिमानानें म्हणूं. हे अध्याय पूर्वींच वाचलेले असून दिवाळीच्या सकाळीं मात्र आम्हांस एक अक्षर आठवलें नाहीं!

कॅमेऱ्याच्या समोरची बाजू कशी असते, हें आम्हां जळगांवकरांस कोणी शिकवावयास नको. अजिंठ्यास जाणारे परदेशी प्रवासी येथेंच गाडींतून उतरतात, आणि वाटेंत दिसेल त्याचा फोटो घेतात. बऱ्याच वर्षांपूर्वीं फरदापुराजवळ आमच्या मातोश्री सुजलेले पाय मोकळे करून झाडाखालीं बसल्या असतां एकानें असाच फोटो घेतला आणि तो निघून गेला. पुढें कित्येक वर्षें त्या मधूनच विचारीत, "तो माझा फोटो कुठं असेल रे आतां?" लेण्यांतील चित्रांस अपाय होऊं नये म्हणून आंत फ्लॅश वापरण्यास बंदी आहे. बाहेर रस्त्यावर बसलेल्या बाईसाठीं तशी पाटी कोणी लावली नाहीं.

फोटो मुळींच नको, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. आनंदीबाई जोशी यांचा १० ऑक्टोबर १८८५ चा फिलाडेल्फियांतील फोटो पुष्कळांनीं पाहिला असेल. जपानच्या ओकामी व सीरियाच्या इस्लांबूली यांच्यासह त्या आपापल्या देशच्या वेषांत बसल्या आहेत. पुढच्याच वर्षीं आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बाविसावें वर्षही पुरें होण्यापूर्वीं, निवर्तल्या. त्या फोटोंत तिघीही समजून उमजून कॅमेऱ्यासमोर बसलेल्या आहेत; रुग्ण एकही नाहीं.

असो. मुलीस चार शब्द सुनावून आम्ही मोकळे झालों असतों, पण ती म्हणाली, "आजोबा, वसतिगृहाचा फोटो पाठवला, तर माई म्हणतात, हा कसला, दवाखान्यातला पाठव. रोज तेंच." माई म्हणजे आमच्या वहिनी. आणि त्यांच्यामागें उभे राहून "हो हो, दवाखान्यांतलाच" म्हणणारे आम्ही!

हा हट्ट कशासाठीं? रमाबाई रानड्यांनीं १९०९ सालीं पुण्यास सेवासदन काढून पुढें स्त्रियांना या शिक्षणाची वाट दाखविली, तेव्हां आपल्या समाजानें नाकें मुरडलीं. ती अढी अद्यापि पुरती गेलेली नाहीं. मुलगी तिकडे 'मानाचें' काम करते, हें आम्हांस सोयऱ्याधायऱ्यांस दाखवावयाचें होतें. थोडें अधिक खरें सांगावयाचें, तर तो हात गोऱ्या माणसाचा होता म्हणून दाखवावयाचें होतें. धुळ्याच्या एखाद्या रुग्णालयांतील अहिराणी बोलणाऱ्या म्हाताऱ्याचा तो हात असता, तर फोटो भुसावळपर्यंत गेला असता काय? हा प्रश्न आम्हीं बैठकींत विचारला, तेव्हां कोणीच बोललें नाहीं. वहिनी उठून आंत गेल्या.

नातीनें आपल्या वरिष्ठ परिचारिकेस सर्व सांगितलें. बोलणीं खावीं लागलीं, पण शिक्षण चालू आहे. त्या गृहस्थांची क्षमा मागावी असें तिच्या मनांत होतें. तथापि ते त्यापूर्वींच घरीं गेले होते, आणि त्यांचा पत्ता शोधण्याचा अधिकार तिला नाहीं.

इकडे आम्हीं एकेका नातलगास फोन करून फोटो पुसावयास सांगितलें. बहुतेकांनीं ऐकलें. भुसावळच्या एका आप्तांनीं मात्र तो मोठा करून, चौकट घालून दिवाणखान्यांत लावला आहे. दोनदां सांगून झालें. येत्या रविवारीं आम्ही स्वतः जाणार आहों.