तीस लाइफ

सांगलीत आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत एक पार्लर होतं. पत्र्याची शेड, आत चार मशिनं, एक पंखा आणि गल्ल्यावर बसलेले मामा. रुपयाला एक डाव. तीन मशिनं बहुतेक वेळ मोकळी असत आणि चौथ्यासमोर आठ-दहा पोरं एकमेकांच्या खांद्यांवरून माना काढून उभी. त्या गेमला आम्ही 'मुस्तफा' म्हणायचो. पिवळी टोपी घालून धावत येणारा आणि उडती लाथ घालणारा गडी. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', जपानच्या कॅपकॉम कंपनीनं तो १९९३ साली एका अमेरिकन कॉमिकवरून बनवला, हे सगळं मला नोकरी लागल्यावर कळलं. निवडायला चार पात्रं होती. त्यातलं एकच नाव आमच्या ओळखीचं निघालं आणि अख्ख्या गेमचं बारसं त्याच नावानं झालं. पुढे मुंबईची, दिल्लीची मंडळी भेटली, त्यांच्याकडेही तो मुस्तफाच होता.

गेली वीस वर्षं मी पुण्यात प्रोग्रॅमर आहे. या धंद्यात एक खोड लागते. कुठलाही स्क्रीन दिसला की हे आतून कसं केलं असेल आणि कुणाच्या फायद्यासाठी, हे शोधत बसायचं. त्या नजरेनं पाहिलं तर मुस्तफा मुळीच भोळा नव्हता. पार्लरमधला गेम नाणी खाण्यासाठीच बेतलेला असतो. पहिली लेव्हल सोपी, म्हणजे पोराला वाटावं की जमतंय. पुढे अशी धुलाई, की रुपया गेलाच. मेल्यावर उलटी मोजणी सुरू, तेवढ्यात दुसरा रुपया टाकला तर तिथूनच पुढे. त्या मोजणीच्या वेळात मी दप्तराच्या तळाशी हात घालून नाणं शोधलेलं आहे. त्यामुळे 'आमच्या वेळचे गेम किती निरागस होते' हा सूर निदान माझ्या पिढीनं लावू नये. फरक एवढाच, की ती लूट उघड होती. खिसा हलका झालेला मांडीला कळायचा, आणि नाणी संपली की मामा हाकलून द्यायचे.

मग घरात आला टीव्ही गेम. निन्तेंदोनं जपानमध्ये १९८३ साली फॅमिकॉम काढला. आपल्याकडच्या बाजारात भरल्या त्या त्याच्या नकला. कॅसेटवर '९९९९९९ इन १' छापलेलं असे आणि आत मोजून पंधरा-वीस गेम. तेच पुन्हा वेगळ्या नावानं, दुसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारे. आकडा दाखवून खोटं कसं बोलावं, हा संगणकशास्त्राचा माझा पहिला धडा. कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारायची. फुंकरीनं काही होत नसे, उलट तोंडाच्या दमटपणानं आतले धातूचे पट्टे गंजत. गुण यायचा तो कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे. आज ऑफिसात कुणी 'चालत नाहीये' म्हणत आलं की मी सांगतो, बंद करून परत चालू कर. फुंकर तेवढी सुटली.

'काँट्रा' सुरू होण्याआधी एक मंत्र होता. वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए. मोजक्या लाइफऐवजी तीस लाइफ. हा मंत्र मुळात 'ग्रेडियस' या गेमसाठी १९८६ साली कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो या प्रोग्रॅमरनं घातला होता. कारण काय, तर तपासताना तो गेम त्याला स्वतःलाच पार करता येईना. विक्रीला जाण्याआधी मंत्र काढायचा राहून गेला. आमच्या धंद्यात 'नंतर काढू' म्हणून ठेवलेली वस्तू कधीच निघत नाही. पण राहून गेलेल्या वस्तूनं पोरांची पिढीच्या पिढी सुखी केल्याचं हे एकच उदाहरण मला ठाऊक आहे. बातम्यांच्या वेळी बाबा मागे येऊन उभे राहायचे. "अजून मेला नाहीस?" एवढंच विचारायचे.

"तीस लाइफ आहेत, बाबा."

"मग मर लवकर लवकर."

प्रोग्रॅमर म्हणून मला त्या काळाचा हेवा वाटतो तो वेगळ्याच कारणासाठी. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' सगळा मिळून ४० केबीचा. त्यातला आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. आम्ही वर्षानुवर्षं पाहिलं आणि एकालाही संशय आला नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे पणतीची जी चित्रं फोनवर येऊन आदळतात, त्यांतल्या एकेकात असे तीन-चार मारिओ सहज मावतील.

त्याहून मोठी करामत 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ची. आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सर चहाला गेले की फ्लॉपीवरून हाच निघायचा. जॉर्डन मेकनरनं तो १९८९ साली ॲपल टू या संगणकासाठी पूर्ण केला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल उतरवली. ती इतकी जिवंत उतरली की संगणकाची मेमरी त्यातच भरून गेली, शत्रूला जागाच उरली नाही. मग त्यानं राजपुत्राचंच चित्र एक घर सरकवून मूळ चित्रावर ठेवलं आणि जिथे दोन्ही सारखे तिथे काळं, वेगळे तिथे पांढरं असं केलं. एका आज्ञेचं काम. त्यातून निघाली एक चमकती सावली. ती आरशातून बाहेर येते, तुमच्या वाट्याचं औषध पिऊन टाकते आणि शेवटी तलवार उपसून समोर उभी राहते. तिच्यावर वार केला की जीव तुमचाच कमी होतो. तलवार म्यान करून तिच्या अंगात शिरायचं, हा उपाय. जागा नव्हती म्हणून सुचलेली ही गोष्ट, आणि गेममध्ये सगळ्यांना आठवते ती हीच. आमच्याकडे नवी मुलं कामाला लागली की मी त्यांना ही हकीकत सांगतो. ती मान डोलावतात आणि तारीख दाखवायला कुणीतरी लिहिलेलं तीन एमबीचं बाड प्रोग्रॅममध्ये ओढून घेतात.

गेम लिहिणाऱ्यांबद्दल आम्हा बाकीच्या प्रोग्रॅमरांना जो धाक वाटतो, तो वेळेच्या हिशेबाचा. स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला साठदा नवं काढायचं, म्हणजे एका चित्राला सोळा-सतरा मिलिसेकंद. तेवढ्यात बटण कुठलं दाबलं ते पाहायचं, गोळी कुणाला लागली ते ठरवायचं आणि सगळं रंगवून मोकळं व्हायचं. चुकलं तर खेळणाऱ्याला धक्का बसतो आणि तो शिवी देतो. आमच्या सोसायटीच्या गेटवरचं ॲप पाहुण्याची परवानगी मागायला उघडेपर्यंत पाहुणा जिना चढून दारात उभा असतो. त्यात ना कुणाला धक्का बसतो, ना कुणी शिवी देतं.

म्हणून 'जीटीए ऑनलाइन'चा किस्सा मला पुन्हापुन्हा सांगावासा वाटतो. २०१३ साली आलेला हा गेम सुरू व्हायला काही संगणकांवर पाच-सहा मिनिटं लागत. सगळ्यांची समजूत, की एवढं मोठं शहर उभं करायचं तर वेळ लागणारच. २०२१ च्या सुरुवातीला एक हौशी प्रोग्रॅमर वैतागून आत शिरला. पाहतो तो शहराचा काही संबंधच नाही. गेम १० एमबीची एक यादी वाचत बसला होता, सुमारे ६३,००० नोंदींची. वाचायची रीत अशी, की एक शब्द वाचायचा, मग तिथून शेवटापर्यंतची सगळी अक्षरं मोजायची, मग दुसरा शब्द. वर आणखी एक. लग्नाच्या आमंत्रणांची यादी करताना प्रत्येक नाव लिहिण्याआधी 'हे आधी आलंय का' म्हणून पहिल्यापासून सगळी यादी वाचणारे एक काका असतात, तसं. ६३,००० नावांना मिळून अशा तुलना होतात जवळजवळ २०० कोटी. त्या प्रोग्रॅमरनं दोन्ही ठिकाणी टाके घातले आणि सहा मिनिटांची दोनही उरली नाहीत. गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीनं चूक मान्य केली, दुरुस्ती केली आणि त्याला दहा हजार डॉलर दिले.

पण ती यादी होती कशाची? गेमच्या आत विकायला ठेवलेल्या वस्तूंची. खेळणारा ताटकळत होता, कारण खेळ आधी दुकानाचा माल मोजत होता. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ हसत होतो, आणि नंतर हसू ओसरलं. कारण त्याच सुमारास मी उलट दिशेचं काम करत होतो. दुकानात खेळ बसवत होतो.

२०१९ ची दिवाळी आठवा. गूगल पेवर दिवा, कंदील, फूल, झुमका आणि रांगोळी हे पाच शिक्के गोळा केले की २५१ रुपये मिळायचे. दिवे सगळ्यांकडे ढिगानं, रांगोळी कुणाकडेच नाही. माझी मावशी दारात ठिपके काढता काढता उठली आणि तिनं मला फोन केला, "तुझ्याकडे रांगोळी आहे का रे?"

यात जादू गणिताची आहे. पाचही शिक्के सारख्याच सहजतेनं मिळत असले तरी संच पुरा व्हायला सरासरी अकरा-बारा शिक्के लागतात, आणि त्यातले पाच एकट्या शेवटच्या शिक्क्यासाठी. एखादा मुद्दाम दुर्मीळ ठेवला तर विचारूच नका. माणूस मात्र चार मिळाले की म्हणतो, आता एकच राहिलाय. जपानमध्ये नाणं टाकून खेळण्याची डबी काढायच्या मशिनला गाचापोन म्हणतात. त्यावरून मोबाइल गेममधल्या अशा सोडतीला 'गाचा' नाव पडलं. पैसे भरून चित्रं काढायची, संच पुरा झाला की मोठं बक्षीस, हा त्यातला 'कंप्लीट गाचा' प्रकार तिथल्या सरकारनं २०१२ सालीच बेकायदा ठरवला. आपल्या रांगोळीसाठी कुणी दमडी मोजली नव्हती, हे खरं. पण एरवी फोनला हात न लावणारी मावशी त्या आठवड्यात पैसे पाठवायला शिकली. कुणाला काय मिळालं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

मी बसवला तो खेळ चक्राचा. एका विक्रीच्या ॲपमध्ये, सणासुदीला. बोटानं फिरवायचं, काटा थांबेल ते बक्षीस. तर ऐका, बोट टेकताक्षणी निकाल लागलेला असतो. दूर कुठल्या तरी संगणकानं 'याला दहा रुपयांची सूट' असं कळवलेलं असतं आणि पुढचे चार सेकंद चक्र जे फिरतं, मंदावतं, मोठ्या बक्षिसाच्या कडेला अडखळतं आणि कसंबसं पुढे सरकतं, ते सगळं चित्र. ते अडखळणं मी लिहिलंय. तीन दिवस लागले, आणि खरं सांगायचं तर मला ते करताना मजा आली. मिरजेच्या उरुसात साबणाच्या वडीवर रिंग फेकायचं दुकान असायचं. रिंग वडीवर बसायला अगदी तंग असायची, पण निदान रिंग खरी होती.

कायदा आता जागा झाला आहे, पण त्याची नजर नोटांवर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली. भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर झळकणारं ड्रीम इलेव्हन हे नावही त्यापायी उतरलं. माझं चक्र मात्र कायद्यात बसतं, कारण त्यात पैसे कुणी लावत नाही. ते फक्त रोज यायला सांगतं. ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी मागची सगळी मालिका पुसून टाकतं.

सगळीच दुकानं झाली आहेत असं नाही. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीचा 'राजी' २०२० साली आला. भावाला शोधत निघालेली एक मुलगी, मागे भारतीय वास्तू. एकदा पैसे द्यायचे, काही संध्याकाळी खेळायचं आणि तो संपतो. संपतो ही माझ्या लेखी मोठी गोष्ट. मी तो संपवला आणि फोननं मला 'उद्या या' म्हटलं नाही.

घरात हा 'रोज या'चा आजार शिरला तो बाबांच्या वाटेनं. बाबा आता शहात्तरचे. रोज दहा हजार पावलं. त्यांना मी सांगितलं, की हा आकडा कुठल्या डॉक्टरी संशोधनातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मीटर. नाव खपलं आणि आकडा राहिला. "असू दे," बाबा म्हणाले, "माझे दोनशे बारा दिवस झालेत."

परवा रात्री पाऊस होता, त्यांचं संध्याकाळचं फिरणं बुडलं. साडेअकराला पाणी प्यायला उठलो तर बाबा झोपाळ्यावर बसून जुनी मॅच बघतायत आणि उजवा हात डमरू वाजवल्यासारखा हलतोय. हातात फोन. फोनला पाय दिसत नाहीत, त्याला नुसते ठराविक तालातले हिसके कळतात आणि दर हिसक्याला तो एक पाऊल मांडतो. हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनी शोधून काढलं.

"बाबा, ही चीटिंग आहे."

"आणि तू तीस लाइफ कुठून आणायचास?" त्यांनी टीव्हीवरची नजरही हलवली नाही.

हात दुखायला लागला होता त्यांचा. मी फोन घेतला. ९,९९१ झाली होती. उरलेली नऊ मी हलवून दिली.