शेणातली संप्रेरकं

दुबईतल्या देरा भागातल्या किराणा दुकानांत मिळणारं बरंचसं ताजं दूध अमिरातीतल्याच गोठ्यांमधून येतं. वाळवंटात गायी पाळायच्या, तर शेणाचीही सोय लावावी लागते.

गायीला कुठलंही इंजेक्शन दिलं नाही, तरी तिच्या शेणमुतात इस्ट्रोजेन हे संप्रेरक असतंच. गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याचं प्रमाण खूप वाढतं. प्रश्न उभा राहतो तो हे पाण्यात उतरल्यावर. कॅनडातल्या एका प्रायोगिक तळ्यात 2001 ते 2003 या काळात गर्भनिरोधक गोळ्यांमधलं कृत्रिम इस्ट्रोजेन सोडलं गेलं, लिटरमागे जेमतेम 5-6 नॅनोग्रॅम. नर माशांच्या अंगात अंड्यांसाठी लागणारं प्रथिन तयार होऊ लागलं आणि ‘फॅटहेड मिनो’ या छोट्या माशांची संख्या कोसळली. शेणातलं नैसर्गिक इस्ट्रोजेन त्यामानाने सौम्य आणि लवकर विघटन होणारं. पण परिणामाची दिशा तीच.

त्यात वाळवंटातल्या वाळूत सेंद्रिय अंश कमी असतो, म्हणून काळ्या मातीसारखी ती ही रसायनं धरून ठेवत नाही. उपाय मात्र साधा आहे: वरखाली करत, हवा खेळती ठेवून शेण कुजवणं. ऑक्सिजन मिळाला की जिवाणू संप्रेरकांचा फडशा पाडतात. साचलेल्या, हवाबंद शेणकाल्यात ती टिकून राहतात. शेतात असो वा बाल्कनीतल्या तुळशीला, खत पूर्ण कुजलेलंच घालावं.